‘केअर’च्या कार्डाची मागची बाजू

३ जून

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तुमचा इंग्रजी-मराठी शब्दकोश अजून ‘सी’ अक्षरातच अडकलाय हे ऐकून ती म्हणाली, याला लहानपणी जेवायलाही असाच वेळ लागायचा. पडल्यापासून पहिल्यांदाच हसली. हाड काही सांधत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात आता अंथरुणातच. सारखं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलते. हे कामावरून आले की हात लावतात, तोवर मी आणि देव.

‘केअर’ला आपण घरात काय काय म्हणतो, असं विचारलंस. मॅट्रिक झालेल्या बाईला कोशवाल्यांनी विचारावं, नवलच. तरी आठवलं ते लिहिते. दुधावर लक्ष ठेवतो. काचेचं भांडं जपून धरतो. मूल सांभाळतो. म्हाताऱ्या माणसाचं मात्र नुसतं ‘करतो’. ती आईचं करते, एवढंच म्हणतात. काय करते ते कुणी उच्चारत नाही. आणि लांबचा माणूस काळजी करतो, जवळच्याला ती घ्यावी लागते. टोमणा वाटला तर वाटू दे.

दाराची कडी वाजली की आई मान वळवते. दूधवाला असतो. तुला एकदा डोळ्यांनी बघायचंय, दुसरं मागणं नाही. चार दिवस तरी ये. पाठपोट लिहिलंय म्हणून रागावू नकोस, कागद फुकट येत नाही. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आता पायांनी चालत आला तर बरं.

तुझी
धाकटी


९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ‘ती आईचं करते’ने कचेरीत धमाल उडवली. मुख्य संपादकांनी टेबलावर थाप मारली. आमची रीत अशी, की आलेल्या मजकुरात हवं ते वाक्य मी तांबड्या पेन्सिलीने चौकटीत घेतो, लेखनिक ते कापून कार्डावर डिंकाने चिकटवतो आणि कार्ड खणात जातं. उरलेला कागद टोपलीत. म्हणून तुला हात जोडून सांगतो, पाठपोट लिहू नकोस. पुढचं कापलं की मागचं जातं.

आता तुला गंमत सांगतो. ‘केअर’चा मूळ अर्थ सांभाळणं नव्हेच. जुन्या इंग्रजीत तो शब्द म्हणजे दुःख, शोक. दुःखातून चिंता आली, चिंतेतून लक्ष देणं, आणि सांभाळणं अगदी शेवटी. लॅटिनमध्ये असाच दिसणारा एक शब्द आहे, पण त्याच्याशी याचं नातं नाही. भलेभले तिथे फसतात. त्याच मुळातून ‘चेअरी’ असा आणखी एक शब्द निघाला. आधी दुःखी, मग सावध, आणि आता हात राखून खर्च करणारा. म्हणजे थेट तूच!

येण्याचं म्हणशील तर ‘सी’ छापायला जाईपर्यंत मला जागचं हलता येत नाही. पण खरंच वेळ आली तर नेमकी तारीख लिही. पत्र हातात पडेल त्या रात्रीची गाडी पकडीन. आईला सांग, शब्द दिला. आणि ‘पर्वा’ घरात कशी वापरता तेही कळव. लोभ वाढवावा, कागदही थोडा वाढवावा.

तुझा
दादा


१३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास म्हणून कोरा ताव घेतलाय आणि एकाच बाजूला लिहितेय. तुझा शब्द आईला सांगितला. तिने दोनदा सांगायला लावला. मग म्हणाली, येईल तेव्हा पांढरा शर्ट घालून येऊ दे, लांबून ओळखता येईल. डोळे अधू झालेत ना.

‘पर्वा’ आमच्याकडे फक्त नसते. ‘त्याला कुणाची पर्वा नाही’ असंच ऐकलंय. असते असं कुणाबद्दल म्हटलेलं आठवत नाही. शेजारच्या शिंपीणबाईंना विचारलं, त्याही विचारात पडल्या. शेवटी म्हणाल्या, असली की माणूस बोलत नाही, येऊन बसतो. हे तुझ्या कामाचं असेल तर घे. मूळ अर्थ दुःख होता म्हणतोस, तर इंग्रजांच्या घरातही कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असणार. त्याशिवाय असे शब्द होत नाहीत.

(मागच्या बाजूला)

१४ जून, दुपार. कालचंच पत्र पुढे लिहिते. घरात दुसरा कागद नाही आणि दुकानापर्यंत जायला आईला सोडता येत नाही. डॉक्टर आत्ताच गेले. म्हणाले, मुलगा असेल तर गुरुवारच्या आत बोलवा. कालपासून अन्न बंद आहे, चमच्याने पाणी तेवढं देते. तू तारीख मागितली होतीस ना, ही घे. गुरुवार, १९ जून. टपालवाला दाराशी उभा आहे, पत्र त्याच्याच हाती देते. दादा, निघच.

धाकटी


१८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. शिंपीणबाईंचं वाक्य फारच उत्तम. चौकट करून लगेच कापायला दिलं, त्यांना माझे धन्यवाद सांग. एकाच बाजूला लिहिलंस, कचेरी तुझी ऋणी आहे. मात्र खाली सहीसुद्धा केली नाहीस, एवढी घाई कसली होती?

तारीख कळवली नाहीस, त्या अर्थी आईला उतार आहे असं धरतो. जीव भांड्यात पडला. पांढरा शर्ट धुऊन ठेवायला तुझ्या वहिनीला सांगितलंय. लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा
दादा


२४ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझ्या यजमानांची तार शुक्रवारी दुपारी मिळाली. पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, म्हणून निघालो नाही. तार वाचल्यावर खणातून ‘पर्वा’चं कार्ड काढलं आणि वाफेवर धरून सोडवलं. मागच्या बाजूची अर्धी ओळ मिळाली. ‘असेल तर गुरुवारच्या आत’ एवढीच. बाकीचा कागद टोपलीबरोबर गेला होता.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. पण एकाच बाजूला लिहितेय, हे तूच लिहिलं होतंस. आणि अशा वेळी पत्र? तार का केली नाहीस? काटकसरीलाही काही सुमार असतो.

असो. झालं ते आता फिरत नाही. हा खंड आईला अर्पण करायचं ठरवलंय, संपादकांनी मान्यता दिली. मजकूर असा: ‘आईस, जिने मला काळजी या शब्दाचा अर्थ शिकवला.’ सोमवारी छापायला जाईल. तुझी संमती कळव. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, एवढंच मागणं.

दादा


२८ जून

ती. दादास,
नमस्कार.

तू तारीख मागितलीस, मी तारीख दिली. पत्र हातात पडेल त्या रात्री निघतो म्हणाला होतास, म्हणून पत्र टाकलं. मंगळवारी ते तुझ्या हातात होतं. तिसरा इसम मध्ये आला नाही; लेखनिकाने तू चौकट केलीस तेवढंच कापलं.

बुधवारी आईची खाट दारासमोर ओढून घेतली. वेणी घालून दिली. तिने विचारलं, गाडी कधीची? मी म्हटलं, रात्रीची. गुरुवारी दिवसभर जो दिसेल त्याच्या अंगावर पांढरं आहे का, ते विचारत होती. शिंपीणबाईंचा नवरा डोकावला तर त्याचा हात धरून ठेवला. त्याने सोडवून घेतला नाही. संध्याकाळी मी दिवा लावून वळले, तोवर संपलं होतं. तो तसाच बसून होता, हात हातात घेऊन, तुझ्या जागी. तुझं अठराचं पत्र शनिवारी आलं. ह्यांनी उघडून वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, म्हणतोस. उरकलं होतं. मी नव्हते का उरले?

आता संमतीचं. शिंपीणबाईंचं वाक्य खुशाल छाप, त्यांची हरकत नाही. माझंही छाप. पण आईला काही अर्पण करू नकोस. तिने तुला काळजीचा अर्थ शिकवला असं पुस्तकात आलं, तर तुला ओळखणारे लोक तिच्या शिकवण्याला नावं ठेवतील. ती बिचारी आता उत्तर द्यायला नाही.

लोभाचं या खेपेस काही मागत नाही.

धाकटी