डाव्या मडगार्डचे स्पॉट

४ सप्टेंबर, गुरुवार. माधवनगर.
सकाळच्या एसटीने फलटणहून आलो. सूनबाई पल्लवी दवाखान्यात ड्यूटीवर, किल्ली शेजारी ठेवली होती. जेवून गॅरेजवर गेलो. इस्माईल मिस्त्री एका जीपचं दार ठोकत होते. मुलगा विकास गेल्यापासून गॅरेज तेच एकटे बघतात. हातोडी खाली ठेवून म्हणाले, "या सुभेदार." दोघंही बाकावर बसलो.
गाडी मागच्या शेडमध्ये आहे. आज गेलो नाही तिकडे.

५ सप्टें.
गाडी पाहिली. उजवी बाजू विकासने संपवली आहे. प्रायमरही मारलेला. डावी तशीच. मेच्या शेवटी हात लावणार होता, जूनमध्ये ताप आला.
गाडी मूळची माझी. पेन्शनीत आल्यावर जुनीच घेतलेली. मागच्या वर्षी वि. म्हणाला, "आबा, पार उघडून नवी करतो. पल्लवीनं लायसन काढलंय."
मागचं डावं मडगार्ड खालून गंजलं आहे. ते काढून नवा पत्रा लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेण्यात अर्थ नाही. हे मडगार्डही वि.नेच बसवलेलं. आयटीआयमधून बाहेर पडल्यावरचं त्याचं पहिलं काम. स्पॉट वेल्डिंगचं, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडायचं, मशीन कुपवाडहून मागून आणलं होतं.
मिस्त्री म्हणाले, "भिऊन भिऊन लय स्पॉट मारलं हुतं पोरानं. बोटाबोटावर एक. मी इचारलं, गाडी समुद्रात सोडायची हाय का रं?"
मी हसलो. मोठ्याने. मग बाहेर येऊन उभा राहिलो.

८ सप्टें.
वायर ब्रशने कडा घासल्या. रंगाखालून स्पॉट दिसायला लागले, एकेक बारीक गोल खळगा. खरंच फार जवळ जवळ आहेत.
हत्यार कोणतं घ्यावं याचा विचार. वि.च्या पेटीत स्पॉटचा कटर आहे. गोल, दातांचा, मधे स्प्रिंगवर पिन. पिन खळग्यात बसते आणि दात फक्त वरचा पत्रा गोल कापतात, खालच्याला धक्का नाही. पण दोन्ही बाजूंचे दात गेलेत. नवा सांगलीत मिळतो.
फलटणला फोनवर हिला सांगितलं. ही म्हणाली, "आजपासून पक्ष लागला. पक्षात नवं लोखंड आणू नका. घरातलं माणूस गेल्यावरचा पहिला पक्ष हाय आवं."
मी असलं कधी मानलं नाही. फौजेच्या वर्कशॉपात तर नाहीच. दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो.

१० सप्टें.
छन्नी लावून पाहिली. दोन पत्र्यांच्या मधे सारून हातोडी. स्पॉट सुटत नाही, त्याच्या भोवतीचा पत्रा फाटतो. थांबलो.
मिस्त्री म्हणाले, "आवं ग्राइंडर मारून कापून टाकतो. तुमी चा पिऊन या, तवर मडगार्ड खाली."
नको म्हणालो.
"फेकायचाच पत्रा हाय की त्यो."
मला तो अख्खा पाहिजे. पाहिजे कशाला, हे त्यांना कसं सांगायचं.

१३ सप्टें.
साधं ड्रिल. टोकदार बिट उपयोगाचं नाही. कड कापायच्या आधी टोक खालच्या पत्र्यातून आरपार जातं. बिटाचं टोक सहाणेवर घासून जवळजवळ सपाट केलं. सेंटर पंच, थोडं तेल, स्पीड कमी. जमतं. पण हात जरा कलला की बिट घसरतं.
पल्लवी ड्यूटीवरून परस्पर आली. डबा ठेवला. गाडीकडे न बघता म्हणाली, "आबा, चष्मा लावत जावा. डोळ्यात बुकणी जाईल."

१६ सप्टें.
काम बंद ठेवून नुसता बसलो होतो.
या कामाचा एकच नियम. भोक फेकायच्या पत्र्यात पाडायचं, ठेवायचा पत्रा शाबूत राहिला पाहिजे. म्हणजे बाहेरून, वि.च्या पत्र्यात. एवढे स्पॉट, तेवढी भोकं. हातात चाळण येईल.
आतून, चाकाच्या कमानीच्या बाजूने ड्रिल लावलं, तर भोकं आतल्या मूळच्या पत्र्यात पडतील आणि मडगार्ड जसंच्या तसं निघेल. आतला पत्रा चांगला आहे. कंपनीचा. त्यावरच नवा बसायचा आहे.

१८ सप्टें.
मिस्त्री मिरजेला गेले होते. आतून सुरू केलं. आडवं झोपून. खांदा धरला आहे. थोडेच झाले.

२२ सप्टें. घटस्थापना.
पक्ष काल संपला. सकाळीच जाऊन नवा कटर आणला. फार चांगलं हत्यार. पिन बसवली, हलका दाब दिला, बारीक वर्तुळ कापलं गेलं. पत्र्याची टिकली गरम, निळसर होऊन मधेच राहते. घाई केली तर दात तुटतात.
आतूनच करत होतो. मिस्त्री कधी येऊन उकिडवे बसले कळलं नाही. बराच वेळ बघत होते.
"सुभेदार, उलटं चाललंय."
"माहीत आहे."
"तुमाला म्हाईत नसतंय व्हय. तुमीच पोराला शिकवलंय." मग उठताना, "पल्लवी बसणार हाय ह्या गाडीत."
एवढंच बोलून जीपकडे गेले.

२३ सप्टें.
गॅरेजवर गेलो नाही. पाठ.

२५ सप्टें.
मिस्त्रींनी पल्लवीला सांगितलं असावं. जेवायला वाढताना म्हणाली, "आबा, आतल्या पत्र्याला भोकं पाडली की कच्चा होतोय न्हवं?"
म्हणालो, भरून घेता येतात.
"पहिल्यासारखा होतोय?"
नाही म्हणालो. खोटं बोलायला जमत नाही.
ती ताट घेऊन समोर बसली. ही पोर जतकडची, बोलणं सरळ. "मला गाडी चालवायची हाय. जतला जायचं हाय, फलटणला यायचं हाय. त्यांनी माझ्यासाठी उघडलेली गाडी हाय ती. पत्रा ठेवून काय करायचं आबा? भिंतीला लावायचा?"
मी मान खाली घालून जेवलो. तीही जेवली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण भाजी संपवली तिने. नंतर मला ताक दिलं.
तिचं काही चुकलेलं नाही. मलाच ते करवत नाही.

२७ सप्टें., शनिवार.
पल्लवीची सुट्टी. माझ्याबरोबर गॅरेजवर आली. मीच म्हणालो, बाहेरून करू. ड्रिल हातात घेऊन उभा राहिलो. पिन खळग्यावर टेकवली. बटण दाबलं गेलं नाही.
ती म्हणाली, "द्या इकडं. कसं धरायचं?"
सांगितलं. दोन्ही हातांनी. सरळ धर, अंगाचा भार टाकू नको. मी तेल सोडलं. तिचा पहिला तिरका गेला, कटर घसरून ओरखडा उठला. "अय्यो!" म्हणाली. मिस्त्री तिकडून ओरडले, "इंजेक्शन न्हवं ते पोरी, दमानं!" तिला हसू आलं. दुसरा नीट झाला.
तिसरा मी केला.
दुपारपर्यंत चाकाची कमान सुटली. जाताना तिने पत्र्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि ओढणीला पुसलं.

२९ सप्टें.
दाराकडची उभी कड झाली. आता एकेक करताना वि.चा हात कळतो. खालच्या बाजूला स्पॉट एका रेषेत नाहीत, वर चढत गेलेत. तिथे तोही आडवा झोपला असणार. वर पोचेपर्यंत हात बसलेला दिसतो. डिकीकडचे शेवटचे अगदी सरळ आहेत.
त्याच सरळ रेषेवर कटर लावायचा होता. लावला.

१ ऑक्टो. खंडेनवमी.
दुखवट्याचं वर्ष, आम्हाला सण नाही. मिस्त्रींना तसं सांगितलं. म्हणाले, "तुमचा नसंल. हत्यारांचा हाय की." दरवर्षी विकास पूजा करायचा आणि हे नारळ फोडायचे. आज हातोड्या, पत्र्यामागे धरायच्या डॉली, छन्न्या, ड्रिल, नवा कटर, सगळं पुसून तेल लावून पोत्यावर मांडलं होतं. विकासची पेटी मधोमध.
हळदी-कुंकवाची वाटी त्यांनी पल्लवीपुढे धरली. ती मागे सरकली. माझ्याकडे पाहिलं.
"लाव," म्हणालो.
तिने सगळ्या हत्यारांना लावलं. पेटीला शेवटी. नारळ मिस्त्रींनीच फोडला. आज हत्यार चालवायचं नसतं, म्हणून तिघं लवकर घरी.

३ ऑक्टो., शुक्रवार.
मडगार्ड निघालं. डिकीजवळचे राहिलेले स्पॉट मी कापले, पातळ छन्नीने कड उचलली, दुसरं टोक पल्लवीने धरलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं आहे. जमिनीवर ठेवताना मोठा आवाज झाला. मिस्त्रींचंही काम थांबलं.
आतला पत्रा बरा आहे. मी पाडलेली भोकं मिस्त्री सोमवारी भरून घेतील. नवा पत्रा आणायचा आहे.
जुना दाराशेजारी उभा करून ठेवला. भोकांतून पलीकडचं अंगण दिसतं. चहा आला. पल्लवी म्हणाली, "निघाला बघा नीट." मी हो म्हणालो.
चार वाजता भंगारवाला हातगाडी घेऊन फाटकाशी आला. "हाय का काय मिस्त्री, लोखंड-पत्रा?" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी पल्लवीकडे. ती कपातल्या चहाकडे बघत बसली होती. त्याने दोनदा हाक मारली. तिघांतलं कुणी उठलं नाही. थोडं थांबून तो पुढे गेला.
उद्या याच वेळेला येतो म्हणे.