देवावर सोपवलेली गाठ

ती. आईस, लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते.

काल माझ्या ड्यूटीत आमच्या वॉर्डात एक बाळ वाचलं, शेजारच्या पाळण्यातलं गेलं. वाचलेल्याची आजी म्हणाली, ‘देव दयाळू आहे.’ दुसरी आजी तिथेच उभी होती. तेव्हापासून मला देवाचाच संशय येतो. हात पोचत असून त्यानं आखडला, तर दयाळू कसला? आणि पोचतच नसेल, तर त्याच्या भरवशावर कसं बसायचं?

तू मात्र लिहितेस, ‘छातीतली गाठ देवावर सोपवलीय, दुखत नाही.’ न दुखणाऱ्या गाठीवर माझा मुळीच विश्वास नाही. आणि दादानं दवाखान्याचं काढलं की म्हणे तुझे गुडघे धरतात.

सोमवारी त्याच्याबरोबर जा. देवाला हवं तर सोबत घे, पण गाठ डॉक्टरांना दाखव.

तुझीच,
धाकटी