खिळ्यावरची रोटी

६ ऑक्टोबर

कक्-कक्-ककर! समरकंदच्या आमच्या अंगणात, तुतीला टांगलेल्या पिंजऱ्यातून वडिलांचा चकोर पहाटे असा ओरडायचा आणि मी पांघरुणातच शाळेची कविता घोकायचो. साठ वर्षं झाली त्याला. आज तोशबुलोक गावात ट्रंक उतरवली आणि समोरच्या घळीतून तोच आवाज आला. डोळे भरून आले.

खोली झकास आहे. घरमालकीण रोबिया-ओपा, म्हणजे रोबियाताई, चहा उत्तम, बडबड बेताची. गावात निवृत्तांचं एक निसर्गमंडळ आहे. दर रविवारी ते घळीत पशुपक्षी बघायला जातं. मीही जाणार. त्यासाठीच तर शहर सोडलं.

एक गोष्ट मात्र हसण्यासारखी. ओसरीत रिकाम्या पिंजऱ्याशेजारी खिळ्याला एक रोटी टांगली आहे, वाळून दगड झालेली, कडेचा एक घास तोडलेला. ओपाच्या नवऱ्याची, एर्गशची. चकोर धरायला निघताना दाराशी घास घेऊन बाकीची ठेवून गेला. आला की खाईल, असं ओपा म्हणाली. जाऊन तीस वर्षं झाली! मी मिशीतल्या मिशीत हसलो.

९ ऑक्टोबर

निसर्गमंडळ कसलं, दात पडलेल्यांची जत्रा! म्होरक्या निग्मत, दातांचा डॉक्टर. स्वतःच्या तोंडात सोन्याची पंगत. घार दिसली की गरुड, मेंढपाळाचं कुत्रं दिसलं की लांडगा. मास्तर म्हणून इथं सगळे मला दोम्ला म्हणतात. मी चूक दाखवली तर निग्मत म्हणतो कसा, दोम्ला, तिला एक दिवस गरुड म्हटलं तर तिचा पगार थोडाच वाढतो? सगळे खिदळले. असल्यांपुढे मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं असतं तर वेडाच झालो असतो.

निघण्याआधी प्रत्येकानं आपापल्या रोटीचा घास घ्यायचा, बाकीची ओपाच्या ओसरीत टांगायची आणि परत आल्यावर संपवायची. चांगली शिकलेली माणसं मुकाट्यानं चावत होती. मी म्हटलं, मी मास्तर आहे, उंदीर नाही. ओपाचा चेहरा उतरला.

चकोर सर्वांनी ऐकला, दिसला कुणालाच नाही. या मंडळींच्या दुर्बिणी एकमेकांच्या टोप्या बघण्यापुरत्याच.

१६ ऑक्टोबर

आवाज अगदी हाताशी, खडकामागे. पण पीस दिसेल तर शपथ. राहवेना, म्हणून वर्गात वर्षानुवर्षं म्हणवून घेतलेल्या ओळी मोठ्यानं म्हटल्या:

चकोर बोले कड्याकपारी,
कोण उभा रे माझ्या दारी?

निग्मत म्हणाला, दोम्ला, चकोराला दाणे लागतात, वृत्त नाही.

येताना माझी सैल झालेली कवळी त्यानं नीट बसवून दिली. चांभारही चप्पल शिवतो, म्हणून काही तो पंडित होत नाही.

२० ऑक्टोबर

दाणे! मूर्खाच्या तोंडूनही कधी कामाचं निघतं. ओपा बहिणीकडे गेली होती. स्टुलावर चढून एर्गशची रोटी काढली, घळीत नेली आणि खडकावर कुस्करून पसरली. तीस वर्षं धूळ खाल्लेलं पीठ एखाद्या पाखराच्या तरी पोटात जाऊ दे.

तिच्या जागी बाजारची शिळी, कडक रोटी टांगली. तिचा त्याच जागचा घास मीच तोडला. ओपाची नजर अधू आहे. तिला काय कळणार?

२३ ऑक्टोबर

खडक स्वच्छ. एक कण नाही. पण पीस नाही, विष्ठा नाही, नखाचा ओरखडाही नाही. ओल्या मातीत फक्त बुटाचा ठसा.

दुर्बिणीतून पलीकडच्या उतारावर माणूस दिसला. आमच्याकडे तोंड करून उभा. निग्मत म्हणाला, रानबकरा आहे. आंधळ्यांची वरात!

३० ऑक्टोबर

तो माणूस आज ओढ्यापर्यंत उतरला होता.

परतल्यावर आपली रोटी काढताना निग्मतनं वर पाहिलं आणि फिस्सकन हसला. मग हसायचा थांबला. मला कोपऱ्यात नेऊन विचारलं, दोम्ला, ही कवळी मी बसवलेली. तिचा चावा मी ओळखणार नाही होय? जुनी कुणी खाल्ली? मी म्हटलं, पाखरांनी. कोणत्या, असं त्यानं विचारलं.

मी कवळी चाचपली.

त्यानं सांगितलं की ज्याची रोटी खाल्ली गेली तो घरी आला, आणि ज्याची टांगलेली तो अजून बाहेर. तेव्हा गुमान उतरव आणि आजच्या आज संपव, चहात बुडवून गीळ हवं तर, पण एर्गश पोचायच्या आत. मी म्हटलं, मी घरात बसून चहा पितोय, आणखी काय पुरावा हवा? दंतवैद्याचं तत्त्वज्ञान!

६ नोव्हेंबर

निग्मतनं चुगली केलेली दिसते. कुणी सलामाला उत्तर दिलं नाही. ओपानं सर्वांना चहा ओतला, माझी वाटी मांडलीच नाही. मांडू नका. अशांच्या पंगतीत बसायची मलाही हौस नाही.

उतारावरचा तो माणूस आता अक्रोडांच्या बागेत आहे. ओपाच्या भिंतीवरच्या एर्गशच्या फोटोतलाच कोट. केस काळेभोर. एक दिवसानंही म्हातारा झालेला नाही.

९ नोव्हेंबर

झक मारली. रोटी उतरवली. चावली— कवळी मोडली. चहात भिजवली. ढेकळासारखी तशीच. माझा चावा तेवढा ताजा.

ओपा आली. घाईनं परत टांगली. तिनं मी उभा होतो ते स्टूल पुसलं. मी त्यावरच होतो. गुणगुणत होती. मांजराला सांगत होती, आज गोड रोटी लावते, माणूस यायचाय.

११ नोव्हेंबर

बर्फ. निग्मतच्या दारावर हात आपटले— आवाजच नाही. तो खिडकीत पेपर वाचत होता. त्याच्याकडे बघून मी रडलो. त्या दंतवैद्याकडे बघून.

आवाज आता अंगणात. कक्-कक्—

१३ नोव्हेंबर

भर दुपार. बर्फावर पावलं. ओपानं धावत दार उघडलं. रडते आहे, त्याला रागावते आहे, इतका उशीर का, चहा निवला. खिळ्यावरची घे म्हणाली.

खिळा करकरला.

तो म्हणतो, ही माझी नाही, माझी मी खाल्ली. हा घास कुणाचा?

ओपा म्हणते, अगं बाई, दोम्लाचा रे, तो बिचारा गेला तो आलाच नाही.

मी इथं आहे! भिंतीपलीकडे! ओरडलो. ओपा, मी घरातच— तोंडातून निघालं ते— कक्— कक्-कक्—

तो हसला. म्हणाला, किती जवळ बोलतोय बघ. पिंजरा काढ.

पावलं माझ्या खोलीकडे. कोण उभा रे माझ्या— कडी सरकते आहे— दारात