अप्पांचा सरळ चेहरा

॥ श्री ॥
भिवंडी, २३ जानेवारी २०२५

ती. आसावरीवन्संना,
माधवीचा सा. न. वि. वि.

काल सुतक फिटलं म्हणून आज वर श्री घातला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पाय अजून प्लास्टरमध्ये, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते.

अप्पांचे दिवस नीट पार पडले. तुम्हाला वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही, ही रुखरुख मला कळते. पण आम्ही घरात असून आम्हाला तरी कुठे चाहूल लागली? दुपारच्या चहाला उठवायला गेले, तर झोपेतच गेलेले. आदल्या दिवशी डॉक्टरांनी चालायला जा म्हणून सांगितलं, तर म्हणाले होते, जाईन हो, पण परत यायचा कंटाळा येतो.

माणसं खूप येतात. शेजारच्या लूमचे अन्सारीशेठ शिफ्ट सुटली की ओट्यावर येऊन बसतात आणि अप्पाजी के बगैर चाय फीकी लगती है म्हणतात. खारबावचा चिंधू भाजीवाला तर पाटी उतरवून रडला. म्हणाला, बाबा व्हता तवर पाटी जड न्हाय वाटली.

अडचण आहे ती फोटोची. महिन्याच्या श्राद्धाला हार घालायला एकही धड फोटो नाही. तुमच्या लग्नात डोळे तिरळे केलेत. तुमच्या भावाच्या मुंजीत जीभ बाहेर. जकात नाक्यावरच्या निरोपसमारंभात तर गळ्यातला हार शेळीसारखा खाताना टिपलेत. आधार कार्डावरसुद्धा एक भुवई वर. मला वाटतं, हार खाणारा लावावा. चौकटही घरात आहे, जुन्या कॅलेंडरच्या गणपतीची.

आईंची काळजी वाटते. अजून एकदाही रडल्या नाहीत. वाढलं तर जेवतात, जप करतात, अप्पांचं नावही काढत नाहीत.

पायाला जपा. तुमचा हात पाठीवर आहे म्हणून धीर आहे, तो तसाच ठेवा.
तुमची,
माधवी

---

सांगली, ३० जानेवारी २०२५

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा चष्मा पुसावा लागला. पण हार खाणारा फोटो भिंतीवर लागणार असेल, तर मी प्लास्टरसकट येऊन तो उतरवीन. माझे दीर-जावा श्राद्धाला येणार आहेत. माझ्या लग्नाला वर्ष झालं, तेव्हा याच मंडळींसमोर अप्पा आमच्या यांना म्हणाले होते, जावईबापू, मुलगी परत करायची मुदत कालच संपली, आता तुमचं तुम्ही बघा. सगळे हसले. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बसले होते.

मला त्यांचा एक तरी सरळ चेहरा हवा गं. शेवटचा पाहायला मिळाला नाही, निदान भिंतीवर तरी असावा. हल्ली स्टुडिओत कॉम्प्युटरवर सगळं करून मिळतं. इथे काटकसर करू नकोस, आणि गणपतीची चौकट तर मुळीच नको.

आई रडत नाही हे बरं नाही. तिच्याजवळ बसत जा.

माया आहेच, ती काही लिहून वाढायची नाही.
तुझी,
आसावरीताई

---

॥ श्री ॥
भिवंडी, १२ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या मनासारखा फोटो केला. स्टुडिओतल्या दिनेशने आधार कार्डावरून अप्पांची भुवई खाली आणली, ओठ मिटवले आणि अंगात कोट-टाय घातला. अप्पा जन्मभर बंडीत वावरले. पण कोटाचे पैसे वेगळे नव्हते, म्हणून मी राहू दिला. बँकेचे मॅनेजर दिसतात. श्राद्धाला तुमच्या दिरांनी वाखाणला.

पण पाहुणे गेल्यावर भलतंच झालं. आई जप आटोपून बाहेर आल्या. फोटोसमोर थबकल्या, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि मला हळूच म्हणाल्या, हे गृहस्थ कधी आले, चहा ठेव. मी हसून बघितलं, तर चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तेव्हापासून बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. परक्या माणसासमोर कशाला, म्हणतात. तुमचे बंधू घाबरलेत. मी देवाजवळ दिवा लावून बसते, दुसरं काय करू? कुणाला दाखवायचं ते तुम्हीच सुचवा.

उत्तराची वाट बघते. सांभाळून घ्या.
तुमची,
माधवी

---

सांगली, २० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. माधवीस,
अ. आ.

वाचून पायातलं बळ गेलं, आधीच एकाच पायात होतं. साठ वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला ओळखत नाही म्हणजे आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. इथे मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत. येत्या नाही, पुढच्या रविवारी, दोन मार्चला माझा सागर गाडी घेऊन येईल. तिची बॅग भरून ठेव. आता ती इथेच राहील. कुरकुर करील, पण ऐकू नका.

तू कमी पडलीस असं मनात आणू नकोस. तिचं तू केलंस तेवढं मी लेक असून केलं नाही.

तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.
आसावरीताई

---

॥ श्री ॥
भिवंडी, ४ मार्च २०२५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सागर रिकाम्या गाडीने परत आला म्हणून त्याला रागावू नका. त्याला तुमच्या कानात ओरडून एवढं सगळं सांगता आलं नसेल.

बॅग भरलेली होती. निघताना सागरने आजीला धरून फोटोपुढे आणलं आणि हे कोण म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, नाही बाबा ओळखत, कोर्टातले कुणी असतील. पोराचा चेहरा पडला. त्याने मोबाइल काढला आणि त्याच्या साखरपुड्यातले अप्पा दाखवले. अख्खा लाडू एका गालात, डोळे वटारलेले.

आईंनी मोबाइल हातात घेतला. म्हणाल्या, हे बघ, हे आमचे. इतके दिवस कुणी आणलं का नाही? मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, मला वेड लागलेलं नाही. चहा उकळेपर्यंतसुद्धा ज्यांचं तोंड कधी सरळ राहिलं नाही, त्यांच्या जागी तुम्ही हा भला गृहस्थ आणून टांगलात. ह्याच्यासाठी मी रडू कशी?

आणि वन्सं, आई रडल्या. मोबाइल छातीशी धरून, पोटभर रडल्या. आम्हीही रडलो.

संध्याकाळी तुमच्या बंधूंनी भीतभीत विचारलं, मग त्या दिवशी चहा ठेव का म्हणालीस? तर म्हणाल्या, परका माणूस घरी आणलात, चहा नको विचारायला? आणि साठ वर्षांत त्यांची थट्टेची खोड थोडी तरी लागणारच.

बॅगेतली लुगडी त्यांनी स्वतःच कपाटात परत लावली. लाडवाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. येणारी माणसं तोंड पाडून येतात आणि बघून हसतात. आई त्याच्याखाली बसून कुणी काय म्हटलं ते ऐकतात. सरळ चेहऱ्याचा तुमच्यासाठी कापडात गुंडाळून ठेवलाय, आणि लाडवाची एक प्रत सोबत जोडलीय. कुठला लावायचा ते तुम्ही ठरवा.

आईंनी निरोप सांगितलाय, तसाच लिहिते. आसूला कळव, पाय बरा झाला की ये. मला न्यायला नको. तुझंही रडायचं राहिलंय ना, माझ्याजवळ बसायला ये.

वाट बघणाऱ्यांत मीही आहे.
तुमची,
माधवी