थर्माकोलचा डबा

मंगळवार, संध्याकाळ. नवापूर.

आज अक्काला तिसरं इंजेक्शन दिलं. स्तनाच्या कर्करोगावरचं, अँटिबॉडीचं. डॉक्टर म्हणतात, हे औषध नेमक्या कर्करोगाच्या पेशी शोधून त्यांना चिकटतं. चिकटत असेल. पण ते ज्यातून आलं, तो थर्माकोलचा डबा मला पटला नाही.

औषध एजन्सीचा माणूस तो सुरतहून गाडीने घेऊन आला. झाकण निघालं तेव्हा मी मुद्दाम हात घातला. बर्फाच्या पिशव्या पार मऊ, आतलं पाणी डुचमळत होतं. मी विचारलं, "भाऊ, औषध तापलं तर नाही ना?" खाली बघतच तो म्हणाला, "थंडंच शे ना ताई, काही व्हत नही." नर्सने सही केली. अक्काने हात पुढे केला. आणि मी गप्प बसले. का बसले?

बाटली स्वच्छ दिसत होती. पण पोल्ट्रीत पिल्लांना लस देण्यात माझी बारा वर्षं गेली. तापलेली लससुद्धा चांगल्या लसीसारखीच दिसते.

आता तीन महिन्यांनी स्कॅन. गाठ कमी झाली नाही, तर अक्काला औषध लागू पडलं नाही, असंच म्हणतील. तो डबा तेव्हा कोणाला आठवणार?

मघापासून त्या माणसाचा आवाज कानातून जात नाही. मागच्या उन्हाळ्यात पोल्ट्रीत आमच्या लसीचा बर्फ वितळला होता. शेठने विचारलं, तेव्हा खाली बघत मीच म्हणाले होते, "थंडंच शे ना शेठ, काही व्हत नही."