ठमीचं ‘मे आय’

२ ऑगस्ट
आज परत तेच! पाणी प्यायचं तर पोर नळाशी उभी राहून माझ्याकडे बघते आणि म्हणते — "मे आय?" शेवटी सुनेला विचारलं, हे काय गं सारखं? म्हणाली, "आई, परवानगी मागतेय. पाणी पिऊ का म्हणून." अगं बाई! स्वतःच्या घरात पाणी पिऊ का! खुर्चीवर बसू का, दिवा लावू का, सगळ्याला मे आय. वर थँक यू. जीव नुसता कळवळतो.

लेकाने चाळिशी उलटल्यावर लग्न केलं, तेव्हा सुनेबरोबर ही आठ वर्षांची नात मला आयतीच मिळाली. दुपटी नाहीत, जागरणं नाहीत! शेजारीण म्हणते, "तुमची चैन आहे." चैन कसली — तीन महिने झाले, पोर पाहुण्यासारखी राहते. लांबच्या देशात वाढलेली. मराठी थोडं कळतं, पण बोलते इंग्रजीच, तेही मोजून मापून. मी तिला ठमी म्हणते. फक्त या वहीत हं! तोंडावर म्हणायची अजून छाती होत नाही.

तर ठरवलं. मीच इंग्रजी शिकणार. चौथी पास बाई — हसणारे हसू देत.

५ ऑगस्ट
सुनेने भाजी चिरता चिरता शिकवलं. नाम म्हणजे वस्तू — बटन, कॅट, सूप. विशेषण म्हणजे ती वस्तू कशी आहे — रेड, लेझी, हॉट. ते नामाच्या आधी येतं. इथवर आपल्यासारखंच की! मग आली कॅन, मे, मस्ट, शुड ही मंडळी. एकटी काही कामाची नाहीत, दुसऱ्या क्रियापदाच्या पुढे उभी राहून हुकूम सोडतात. कॅन म्हणजे जमतं. मे म्हणजे परवानगी आहे. मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे केलेलं बरं.
मी म्हटलं, "म्हणजे मस्ट माझी सासू आणि शुड माझी आई!"
सून इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

६ ऑगस्ट
सगळं विसरले.

७ ऑगस्ट
डोक्यात राहत नाही तर हातात राहील! जन्मभर टेलरमास्तरांची काजं-बटणं केली, ती काय उगाच? चिंध्यांचे तुकडे कापले. प्रत्येकाला एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला काज. नामं पांढऱ्यावर, विशेषणं फुलाफुलांच्या कापडावर, कॅन-मे मंडळी लाल. सुनेने वर शब्द लिहून दिले. लावा बटणं, की झालं वाक्य!
मास्तर शर्ट द्यायला आले. "आजी, हे कुणाच्या मापाचं चाललंय?"
"माझ्या जिभेच्या!" म्हटलं.

९ ऑगस्ट
टेबलावर पहिलं वाक्य जोडलं — यू हॉट सूप ईट मे. आपण बोलतो तसंच, क्रियापद शेवटी. ठमी दारातून बघत होती. हळूच आली. "मे आय?" — याला पण! मी मान हलवली. तिने लाल तुकडा काढून यूच्या मागे लावला, त्यामागे ईट. यू मे ईट हॉट सूप.
मग मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसली. माझ्यावर हसली! तीन महिन्यांत पहिल्यांदा. गाल किती गोड वर येतात!

१४ ऑगस्ट
रोज शाळेतून आली की आमचा डाव मांडलेला. लेझी कॅट मस्ट ईट रेड बटन. आज तिने जोडलं — ओल्ड आजी कॅन डान्स. मग काय, नाचले! टेबलाभोवती दोन फेऱ्या. लेक कामावरून आला, तो दारातच थिजला.
"आई, गुडघा!"
"गप रे! तिने कॅन लावलंय."
पण हसून हसून घसा सुकला, तर पाण्यासाठी पोर परत नळाशी उभी. मे आय?
यू मे, यू मे गं बाई. कितीदा सांगू!

१८ ऑगस्ट
लेक म्हणतो, "शिस्तीची आहे, चांगलंच की." त्याला काय कळतंय.
कपड्यांच्या घड्या घालताना सुनेने मन मोकळं केलं. लग्नाआधी या मायलेकी चार वर्षं दुसऱ्यांच्या घरात एका खोलीत राहायच्या. "कशालाही विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलंय, आई. आता विसर म्हटलं तर विसरत नाही." डोळे भरले तिचे. माझेही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा तेच बरोबर होतं, पोरी.

१९ ऑगस्ट
आज डाव मांडला नाही. उदास वाटलं. शब्द जमले, पोर अजून पाहुणीच.

२३ ऑगस्ट
सकाळी शाळेची गडबड. मी कंगवा घेऊन ठमीच्या मागे. मानेशी हा एवढा गुंता. जरा ओढला, तर गर्रकन वळली, पाय आपटला — "आय वोन्ट!" म्हणजे, नाही करणार जा! आणि धाडकन दार लावलं. सून पळत आली, लाजेने लाल. "सॉरी म्हण आजीला!" मी तिचा हात धरला. खबरदार माझ्या नातीला काही बोललीस तर! अजून आतच आहे. न विचारता माझ्याच खोलीत शिरलीय गुलाम!