अडीच हजार किलोमीटर

अक्ताऊ, ४ नोव्हेंबर २०१२

प्रिय दुलातला रायखानचे अ. आ. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी ठीक. समुद्रावरचा वारा खिडक्या खडखडवतो, तेवढीच घराला जाग. शाळेतून निवृत्त झाले. भूगोल शिकवायला समोर कुणी नाही. काल नकाशावर दोरा धरून तुझं ओस्केमेन मोजलं. अडीच हजार किलोमीटर. सरळ विमान असतं तर सव्वातीन तास. अल्माटीला बदलायचं म्हणून सगळा दिवस.

पण तुला साडेतीन वर्षं लागताहेत, हे कुठल्या वेळापत्रकात बसतं? आई गेली तेव्हा तिकीट मिळालं नाही म्हणालास. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही आला नाहीस. भांडायचं तर भांड, पण दोन ओळी लिही.

तुझी थोरली बहीण, तुझी आपाय,
रायखान

ओस्केमेन, १८ नोव्हेंबर

ती. आपायला दुलातचा सलाम वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर खिशात होतं. मी खोटं बोललो. तिकीट मिळालं होतं. आईचं काही खरं नाही, असा तुझा निरोप आला आणि दुसऱ्या सकाळी दहाच्या विमानानं मी निघालोसुद्धा. अल्माटीला पुढच्या विमानाला चार तास होते. फोन बंद करून बाकावर बसलो.

दोन हिवाळे आई तुझ्याकडे होती. दर फोनला मला घरी ने म्हणायची, आणि मी दर वेळी उन्हाळ्यात नेतो म्हणायचो. आता कुठल्या तोंडानं समोर जाऊ? माझं नाव तीनदा पुकारलं. मी उठलो नाही. आगगाडीनं परत आलो. घरून फोन लावला, तर तू आई गेल्याचं सांगितलंस. तिकिटाचं तेव्हाच तोंडातून निघून गेलं.

कारखाना आणि घर, एवढंच चाललंय. घरी बोलायला कुणी नाही. माफी मागत नाही; मागायला जागा ठेवली नाही मी.

तुझा,
दुलात

अक्ताऊ, १ डिसेंबर

प्रिय दुलातला अ. आ. वि. वि.

गाढवा, राग आलाच. पत्र चुरगाळलं, मग इस्त्री करून पुन्हा वाचलं.

तुला कधी सांगितलं नाही. तुला निरोप धाडला त्याच्या दुसऱ्या सकाळी आईनं विचारलं, दुलात कुठे आहे. तुझा पत्ता नव्हता. मी ठोकून दिलं, की तो विमानात बसलाय, निघालाय. तिनं मान हलवली, डोळे मिटले. सव्वानऊला गेली. मरणाऱ्या आईशी खोटं बोलले, म्हणून साडेतीन वर्षं स्वतःला खात होते.

तुमच्या घड्याळात दहा वाजतात तेव्हा आमच्याकडे नऊच. सव्वानऊला तू खरोखरच आकाशात होतास, दुलात. मी खोटं बोलले नव्हते.

पुढच्या विमानात बसला नाहीस, त्याचा हिशेब वेगळा. तो तिच्या कबरीपाशी उभं राहून मिटव. चुलीवर एकटीपुरतं शिजवायचा कंटाळा आलाय.

लोभ आहेच. तो वाढवायला माणूस समोर लागतं.

रायखान